ओता, नाहीतर ओतून द्या

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे हे आधीच सांगून टाकतो. भांडण पाण्यावरून आहे. सोसायटीच्या नळाच्या पाण्यावरून नव्हे, स्विमिंग पूलच्या पाण्यावरून. "चैन आहे बुवा" असं म्हणून पुढे जाऊ नका. चैन माझी नाही, आतेभावाची आहे, आणि त्याची तरी चैन कुठे, धंदा आहे तो.

रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला लागलं की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल लागतो. पूल उतरलं की भाट्ये. सुरूचं बन, समुद्र, झरी विनायकाचं देऊळ, १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र. आत्याचं घर तिथून थोडं आत, माडांमध्ये. दादाने काही वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून त्याच जागेत पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय सुरू केली. आणि तीन वर्षांपूर्वी पूल बांधला, कारण फोनवर लोकांचा पहिला प्रश्न असतो, "पूल आहे का?" अख्खा अरबी समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे हो! पण नाही, पूल हवा, आणि तो निळा हवा. (निळी असते ती लादी. असो.)

मे महिन्यात शुक्रवारी रात्री मी आंब्यांच्या ओढीने तिथे पोचलो, तर पूल तांदळाच्या धुवणासारखा दिसत होता. पायरी क्रमांक दोनच्या खाली काही दिसत नव्हतं.

"तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा काय ते," दादा म्हणाला. सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत काहीही दुरुस्त करता येतं ही आमच्या घरातली जुनी अंधश्रद्धा आहे. पण या वेळी मला खरंच चेव चढला, कारण त्याने सांगितलेली कहाणी माझ्या ओळखीची होती.

पूलची सामग्री पुरवणारा एक इसम शहरात आहे. तो पूल बघायला येत नाही, फोनवर औषध सांगतो. सोमवारी पाणी जरा धुरकट दिसलं. त्याने सांगितलं, दोन किलो पावडर टाका. मंगळवारी अजून धुरकट. मग अजून तीन किलो. गुरुवारी, "आता शॉकच देऊ, पाच किलो." आणि शुक्रवारी संध्याकाळी अंतिम निकाल: "पाणी खराब झालंय. सगळं काढा, नवीन भरा." शनिवारी सकाळी पूल रिकामा करून विहिरीवरची मोटर लावायची असं ठरलंही होतं.

बघा हं, ओता, ओता, ओता, आणि नाही जमलं तर ओतून द्या. मधे कुठेतरी मोजा, विचारा, थांबा? छे!

ही पद्धत दादाची नाही, त्या पूलवाल्याचीही नाही. ही आपली आहे. 'बंद करून चालू करून बघा' हा मंत्र जगाला आपल्या धंद्याने दिला. लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणारे, मशीन हळू झालं की "फॉरमॅट मारू" म्हणणारे, बग कुठे आहे हे न शोधता पॅचवर पॅच चढवणारे आपणच. फरक इतकाच, की सर्व्हर रीस्टार्ट करताना शेजाऱ्याची विहीर आटत नाही.

आता जरा हिशोब. पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल. म्हणजे साधारण ४५,००० लिटर. जल जीवन मिशनचा (२०१९) ग्रामीण भागासाठीचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर. म्हणजे जे पाणी शनिवारी सकाळी पऱ्यात सोडून द्यायचं होतं, ते एका घराचं साडेपाच महिन्यांचं पाणी होतं. आणखी एक माप सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली ती आठवते? दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आपण सगळ्यांनी तो फोटो बघून हळहळ व्यक्त केली होती. त्यातली एक वाघीण म्हणजे दादाचा पूल, थोडा शिगोशीग भरलेला.

"पण कोकणात काय, पाऊस धो धो पडतो." हो, पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि जांभ्याच्या कातळावरून सरळ समुद्राला मिळतो. म्हणून तर याच जिल्ह्यात मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीची तर गोष्टच वेगळी. तिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं. गिबेन आणि हर्झबर्ग यांनी मांडलेलं गणित सोपं आहे: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. उलटं वाचा म्हणजे पोटात गोळा येईल. वरची पातळी एक फूट खाली जाऊन तशीच राहिली, की खालून खारं पाणी सावकाश चाळीस फूट वर सरकू शकतं.

आत्याला गिबेन माहीत नाही, हर्झबर्गही नाही. ती जेवताना एवढंच म्हणाली, "गेल्या मे महिन्यात तुम्ही पूल दोनदा भरलात, तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. चहा फाटायचा. पलीकडच्या काकू मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांचंही तसंच झालेलं." दादा ताटात बघत बसला. विहीर सातबाऱ्यावर आपली असते, पण तिच्या तळाशी जे पाणी आहे त्याला कुंपण नसतं.

मी म्हटलं, दोन दिवस दे. रविवारी रात्रीपर्यंत नाही निवळलं तर तुझी मोटर आणि तू.

पहिलं काम, ज्याला कोणी काहीच विचारलं नव्हतं त्याला विचारलं. पूलची निगा राखणारा एक पोरगा आहे. त्याचे डोळे लालभडक झाले होते, कारण दहा किलो पावडर त्यानेच उघड्या हाताने, फडकं न बांधता टाकली होती. "फिल्टरची मोटर किती वेळ चालते रे?" "दोन तास. लाईट बिल येतं ना." "आणि फिल्टर उलटा धुतला कधी?" "गणपतीत." म्हणजे आठ-नऊ महिन्यांपूर्वी! सगळा लॉग त्याच्याकडे होता. फोनवरून औषध सांगणाऱ्याने तो मागितलाच नव्हता.

मोटर तासाला दहा हजार लिटर फिरवते. दोन तासांत वीस हजार. तुम्ही म्हणाल, चला, निम्मं पाणी तरी गाळलं. तेवढंही नाही. गाळलेलं पाणी परत त्याच टाक्यात मिसळतं, त्यामुळे काही थेंब तीनदा गाळले जातात आणि काही एकदाही नाही. पूर्ण टाक्याएवढं पाणी फिरवलं तरी प्रत्यक्षात ६३ टक्केच फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. दोन तासांच्या हिशोबाने रोज ३६ टक्के. बाकीचं पाणी फिल्टरचं तोंडही न बघता तसंच राहत होतं. एक हॉर्सपॉवरची मोटर सहा तास जास्त चालली तर पाच-सहा युनिटं लागतात. ती वाचवायला आपण ४५,००० लिटर फेकायला निघालो होतो.

दुसरं काम, मोजणं. पट्टी बुडवून बघितली. पीएच ८.४, आणि क्लोरीन? जेमतेम. दहा किलो पावडर ओतून!

यात जादू काही नाही. ही पावडर म्हणजे तीच, जिला गावात टीसीएल म्हणतात आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकतो. विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून ती बनते. चांगल्या, ताज्या मालात उपयोगी क्लोरीन साधारण एक तृतीयांश असतो, उरलेला चुन्याचाच गोतावळा. दादाच्या पूलला लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला सव्वाशे-दीडशे ग्रॅम पावडर पुरते. पाच किलो टाकली तर एका दमात सदतीसएक मिलिग्रॅम! तो क्लोरीन मे महिन्याच्या उन्हात काही तासांत उडून गेला. चुना मात्र राहिला. चुन्याने पीएच चढला. पीएच चढला की क्लोरीनची धार बोथट होते: ७.५ ला त्यातला निम्मा कामाच्या रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. शिवाय चढलेल्या पीएचमध्ये पाण्यातलं कॅल्शियम बारीक पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडतं, आणि पाणी अजून पांढरं दिसतं. पांढरं दिसलं की फोन. फोन केला की पावडर. प्रोग्रामर मंडळींना या प्रकाराचं नाव सांगायला नको. पूलवाल्याने दादाला अक्षरशः चुना लावला, आणि दुसऱ्या अर्थानेही लावला.

तिसरं काम, नेमकं काय तरंगतंय ते ओळखणं. काचेच्या ग्लासात पूलचं पाणी घेऊन चार थेंब व्हिनेगर टाकलं. (आत्या आगळ घेऊन आली होती. आंबट म्हणजे आंबट! पण रंगाने घोटाळा झाला असता.) पाणी आंबट झालं की चुन्याची भुकटी विरघळते, माती विरघळत नाही. ग्लास बराच निवळला, पण पूर्ण नाही. तळाला फिकट तांबूस छटा राहिली. म्हणजे आजार दोन होते: एक ओतलेला चुना, दुसरी अंगणातली जांभ्याची माती, जी पाहुण्यांच्या पायांनी आणि वाऱ्याने येते आणि न धुतलेल्या फिल्टरमधून परत बाहेर पडते.

आता ही माती आपली आपण का बसत नाही? कारण कण फार बारीक. एक मायक्रॉनचा कण अगदी स्तब्ध पाण्यात एक मीटर खाली यायला दहा-अकरा दिवस घेतो, आणि पूलमधलं पाणी स्तब्ध कधीच नसतं. शिवाय या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. पण त्यांची मोट बांधली आणि आकार दसपट झाला, की बसण्याचा वेग जवळपास शंभरपट होतो. ही मोट बांधायला काय लागतं? आपल्या आजीच्या फडताळात असायची ती तुरटी. तिच्याही आधी निवळीच्या बिया होत्या, माठाला आतून घासायच्या. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळायचे जे सात उपाय दिले आहेत, त्यात निवळी, म्हणजे कतक, आहे आणि वस्त्र, म्हणजे गाळणं, हेही आहे. कण एकत्र आणा आणि गाळा. आजचं पाणी शुद्धीकरण केंद्रही मुळात हेच करतं.

पण तुरटी किती? इथेही "टाका अंदाजे" चालणार नाही. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवली. पाच पारदर्शक बाटल्यांत पूलचं एकेक लिटर पाणी घेतलं, पीएच आधी खाली आणून. त्यांत या द्रावणाचे एक, दोन, तीन, चार, पाच मिलिलिटर टाकले, घरातल्या औषधाच्या सिरिंजने. म्हणजे लिटरमागे दहा ते पन्नास मिलिग्रॅम. हलवलं, ठेवलं, अर्ध्या तासाने बघितलं. तिसऱ्या बाटलीत कापसाचे पुंजके तळाला आणि वर पाणी स्वच्छ. चौथी-पाचवी तिच्याहून बरी नव्हती. मग हिशोब सरळ: तीस मिलिग्रॅम गुणिले ४५,००० लिटर, म्हणजे एक किलो साडेतीनशे ग्रॅम. पन्नास रुपयांच्या प्रयोगाने पोतंभर अंदाज वाचला.

शनिवारी फिल्टर उलटा धुतला. पूलमध्ये आम्ल थोडं थोडं टाकत, प्रत्येक वेळी पाणी फिरवून, पुन्हा मोजत पीएच ७.४ वर आणला. (हातमोजे, चष्मा, आणि नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही. आणि आम्ल नि ही पावडर एका बादलीत, एका मगात कधीही येऊ द्यायची नाही. त्यातून जो वायू निघतो, तो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. हे त्या पोराला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.) संध्याकाळी तुरटीचं द्रावण फिरवलं आणि मोटर बंद केली. रात्रभर कोणी पाण्याला हात लावायचा नाही.

सगळ्यात अवघड काम हेच होतं. दादा दोनदा बॅटरी घेऊन बघून आला. काहीतरी करायला हवं, काहीतरी टाकायला हवं असं त्याला वाटत होतं. आपल्याला थांबणं हे काम वाटतच नाही.

रविवारी सकाळी तळाला राखाडी-तांबूस साय धरली होती. फिल्टरला बगल देऊन ती हळूहळू ओढून बाहेरच्या खड्ड्यात सोडली. त्यात दोन-अडीच हजार लिटर पाणी गेलं, ते खरं. नंतर मोटर सलग चौदा तास. रविवारी रात्री खोल टोकाची जाळी दिसायला लागली. आरसा नव्हता, खोटं कशाला बोला. आरसा मंगळवारी झाला, तसा दादाने फोटो पाठवला.

आता तुमचे आक्षेप. "एवढी यातायात करण्यापेक्षा पूलच नको" असं म्हणणारे आहेत. मला तेही पटत नाही. या पूलवरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर १६० लिटर. म्हणजे एकदा भरलेला आणि नीट राखलेला पूल तितका उधळ्या नसतो. एकदा रिकामा करणं म्हणजे नऊ महिन्यांची वाफ एका सकाळी फेकणं. गुन्हा पूल बांधण्यात नाही, तो राखायचा कंटाळा करण्यात आहे.

"गढूळ तर गढूळ, काय बिघडलं?" बिघडतं. तळ दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. तळाशी बुडलेलं मूल दिसत नाही. पाहुणे नाराज झाले तरी चालतील. त्या दोन दिवसांत दादाने पूलभोवती दोरी बांधली आणि एका कुटुंबाला पैसे परत केले. त्याबद्दल त्याला माझा मनापासून सलाम.

"कधीच पाणी बदलायचं नाही का?" बदलायचं. क्लोरीनच्या ज्या गोळ्या उन्हात टिकतात, त्यांच्यासोबत सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनला जखडून ठेवतं. ते फार वाढलं तर थोडं पाणी काढून नवं घालणं हाच सरळ उपाय. पण तेही मोजून, थोडं थोडं, आणि जूनपर्यंत थांबून. जूनमध्ये आभाळ फुकट बदलून देतं की! मात्र पूर्ण रिकामा तेव्हाही करू नका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, आणि रिकामं टाकं त्यावर होडीसारखं उचललं जाऊन तडकू शकतं.

मला राग त्या पूलवाल्याचा फारसा नाही. त्याची पावडर खपते, तो ती विकणार. राग आपला आहे. आपण शिकलेले, महिन्याला चार डॅशबोर्ड बनवणारे, "डेटा काय म्हणतो?" असं मीटिंगमध्ये विचारणारे लोक. सोसायटीचा पूल धुरकट झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, "पाणी बदला, मेंटेनन्स देतो आम्ही." देतो ना, जरूर देतो. पण पैसे देऊन पाणी विकत येतं, पाण्याची पातळी नाही. पुढच्या वेळी तीनच प्रश्न विचारा: पीएच किती? फिल्टर किती तास चालतो? शेवटचा कधी धुतला? उत्तरं मिळेपर्यंत काही ओतायला मनाई, आणि ओतून द्यायलाही.

आपल्या भाषेत पाणीही निवळतं, आभाळही निवळतं, रागही निवळतो. या तिन्हींना थोडा वेळ लागतो एवढंच.

ता. क. दादा आता मोटर आठ तास चालवतो. पोराकडे हातमोजे, चष्मा आणि एक वही आहे. वहीत रोज पीएच, क्लोरीन आणि मोटरचे तास. आत्याने त्याच वहीच्या मागच्या पानावर विहिरीची पातळी लिहायला सुरुवात केली आहे, दोरीच्या गाठी मोजून. परवा फोनवर म्हणाली, "अजून चार गाठी आहे हो. आणि चहा फाटत नाही."